साहेबांपुढे खरे बोलावे कसे?

आपल्याकडील बी.एस्सी. किंवा बी.फार्म. झालेल्या मुलांना दुकानाच्या गादीवर बसण्याची हौस आता फारशी राहिलेली नाही. त्यांतील बरीच मुले औषध कंपन्यांत विक्री प्रतिनिधी होतात. बाजारात त्यांना सरळ ‘एम.आर.’ म्हणतात. गळ्यात टाय, हातात बॅग, वर भत्ता आणि इन्सेंटिव्ह, त्यामुळे घरचेही खूश असतात. वर्ष-दोन वर्षे बरी जातात. मग हीच मुले सुट्टीच्या दिवशी आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांकडे मशवऱ्याला येऊ लागतात. पगार कमी आहे ही त्यांची मुख्य तक्रार नसते. ती म्हणतात, “चाचा, कंपनीला जे ऐकायचे आहे ते आम्ही रोज लिहून देतो, आणि बाजारात जे घडते ते कोणालाच सांगू शकत नाही.” सांगावे तर बदलीची भीती, न सांगावे तर रोज खोट्यावर सही. अशा वेळी व्यवस्थापनाशी स्पष्ट बोलावे काय, आणि बोलायचे तर कसे, हा या लेखाचा विषय आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी. औषधांशी आमचा संबंध डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरताच. तरीही या प्रश्नावर लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहोत, कारण या मुलांचे दुखणे ऐकल्यावर आम्हाला ते फार ओळखीचे वाटले. मंगलदास मार्केटपासून प्रिन्सेस स्ट्रीटचा औषध बाजार फार लांब नाही, आणि दोन्ही बाजारांतील रोगही एकाच जातीचा आहे.

प्रथम या नोकरीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. सकाळी परळला के.ई.एम.च्या ओ.पी.डी.बाहेर ताटकळायचे. तेथून जवळच टाटा मेमोरियल आहे, वाडिया आहे. दुपारी लालबाग-चिंचपोकळीच्या केमिस्टांकडे फेरी. संध्याकाळी गिरगावात चाळीच्या तळमजल्यावर दवाखाना चालविणारे फॅमिली डॉक्टर आणि रात्री दादरचे कन्सल्टंट. पेशंट संपेपर्यंत बाकावर बसायचे, आणि एवढ्या खटाटोपानंतर डॉक्टरसाहेब देतात दोन-तीन मिनिटे. रात्री घरी आल्यावर दिवसभराच्या भेटींचा रिपोर्ट भरायचा. पूर्वी तो कागदावर असे, आता मोबाइलवर असतो, आणि आपला माणूस कोणत्या वेळी कोठे उभा होता हेही अनेक कंपन्या त्यावरून पाहतात.

येथपर्यंत मेहनतीची गोष्ट झाली, आणि मेहनतीला आपली मुले घाबरत नाहीत. खरी अडचण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होते. प्रतिनिधीला ठराविक रकमेचे टार्गेट दिलेले असते. कंपनी स्टॉकिस्टला माल विकते त्याला प्रायमरी विक्री म्हणतात, आणि स्टॉकिस्टकडून तो माल केमिस्टकडे जातो त्याला सेकंडरी. डॉक्टरने लिहिलेले आणि रोग्याने घेतलेले औषध दुसऱ्या आकड्यात दिसते. टार्गेट मात्र पुष्कळ ठिकाणी पहिल्या आकड्यावर मोजले जाते. मग 28-29 तारखेला साहेबांचा फोन येतो, “अजून सत्तर हजार कमी आहेत, काहीही करा.” प्रतिनिधी स्टॉकिस्टच्या हातापाया पडतो, नको असलेला माल त्याच्या गोदामात उतरवतो आणि टार्गेट पुरे होते. पुढच्या महिन्यात टार्गेट वाढून येते, कारण गेल्या महिन्यात ‘विक्री’ चांगली झाली होती!

कापड बाजारातील वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मालवाल्याचा एजंट महिनाअखेरीस येतो आणि म्हणतो, “शेठ, बिल आजच्या तारखेचे करू द्या, नाही खपला तर माल परत घेऊ.” गाठी येऊन पडतात. परत न्यायची वेळ आली की एजंट बदललेला असतो. कापड निदान दोन हंगामांनी पडत्या भावात तरी जाते. औषधाच्या पाकिटावर तारीख छापलेली असते. ती उलटली की त्याची किंमत शून्य, आणि परत आलेल्या मालाचे क्रेडिट कंपनीला द्यावे लागते. म्हणजे मार्चमध्ये ज्याला नफा म्हटले तोच पुढे तोटा होऊन परत येतो. दरम्यान इन्सेंटिव्ह वाटून झालेले असतात.

या ठिकाणी आम्ही एक साधा हिशेब मांडतो. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, महिन्याच्या सुरुवातीला स्टॉकिस्टकडे 1,20,000 रुपयांचा माल शिल्लक होता. कंपनीने 4,00,000 चा माल दिला. महिनाअखेर शिल्लक 2,10,000. तर बाजारात प्रत्यक्ष गेला 3,10,000 चा. दुसऱ्या महिन्यात पुन्हा 4,00,000 चा माल उतरवला, शिल्लक 3,00,000 झाली, म्हणजे पुन्हा 3,10,000 चाच खप. तिसऱ्या महिन्यात तेवढाच माल, शिल्लक 3,85,000, खप 3,15,000. कंपनीच्या वहीत तीन महिन्यांची विक्री 12 लाख. बाजाराच्या वहीत 9,35,000. मधले 2,65,000 रुपये कोठे आहेत? ते स्टॉकिस्टच्या कपाटात धूळ खात आहेत. चालू खपाने पाहिले तर हा एकूण सदतीस दिवसांचा माल झाला, आणि चौथ्या महिन्याची बिले अजून फाटायचीच आहेत.

आमचे सांगणे असे की, व्यवस्थापनापुढे जाताना मुलाच्या हातात हा कागद असला पाहिजे. “साहेब, टार्गेट फार आहे, आम्ही थकलो” असे म्हटले तर साहेबांच्या कानाला ते रडगाणे वाटते. शंभर माणसे तेच म्हणत असतात, त्यात आळशी माणसाचाही आवाज असतो. पण “प्रिन्सेस स्ट्रीटवर आपल्या दोन स्टॉकिस्टांकडे सदतीस दिवसांचा माल पडून आहे, हे तिन्ही महिन्यांचे स्टेटमेंट, या महिन्यात आणखी माल घातला तर तो एक्स्पायरीत परत येईल” असे म्हटले तर तीच गोष्ट कंपनीच्या पैशांची होते. मालकाला नोकराच्या थकव्याची फिकीर असेल किंवा नसेल, स्वतःच्या मालाची असतेच. आधी माल, मग माणूस, या क्रमाने बोलावे.

अर्थात हा हिशेब घेऊन जाण्यापूर्वी स्वतःचा हिशेब तपासणे जरूर आहे. ज्या डॉक्टरांच्या भेटी रिपोर्टात दाखविल्या त्या सर्व झाल्या होत्या काय? लालबागच्या बाजूला तीन आठवडे पाय ठेवला नसेल आणि तेथील खप कमी झाला असेल, तर त्याचा दोष टार्गेटवर टाकता येत नाही. एरिया मॅनेजर पहिल्यांदा तेच काढून दाखवील. काही मुले येथेच अडकतात. टार्गेट पुरे झाल्याचे दाखविण्याच्या नादात भेटींचे आकडेही फुगविलेले असतात, आणि मग खरे बोलण्याची वेळ येते तेव्हा त्यांचा स्वतःचाच जुना रिपोर्ट त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभा राहतो. ज्याला पुढे स्पष्ट बोलायचे आहे त्याने निदान सहा महिने आधीपासून रिपोर्ट खरा लिहावयास सुरुवात करावी. कमी भेटी झाल्या तर कमी लिहाव्यात. मेमो आला तर येऊ द्यावा.

कोणाशी बोलावे? आपल्या थेट वरिष्ठाशीच. दबाव त्याच्याकडूनच येत असला तरी प्रथम त्याच्याशी, कारण त्याचीही मान वरच्या साहेबाच्या हातात असते. त्याला टाळून एकदम हेड ऑफिसला पत्र धाडणारा मुलगा खरा असला तरी चहाडखोर ठरतो, आणि खरी गोष्ट बाजूला राहून ‘शिस्तभंगा’ची चर्चा सुरू होते. मासिक मीटिंगमध्ये, जेथे सर्वांपुढे कोण पहिला आणि कोण शेवटचा हे वाचले जाते, तेथे हा विषय काढणे म्हणजे साहेबांना चारचौघांत आव्हान देणे. आपल्याकडे कोणीही मालक किंवा मॅनेजर दहा माणसांसमोर चूक कबूल करीत नाही, याचा अनुभव आम्हा दुकानदारांना आहे. वेगळी वेळ मागावी. एरिया मॅनेजर प्रतिनिधीबरोबर फिरतीला येतात, ज्याला ‘जॉइंट वर्क’ म्हणतात, तो दिवस सर्वांत चांगला. साहेबांना स्टॉकिस्टच्या गोदामातच न्यावे आणि कपाट उघडून दाखवावे. भिंतीला लावून ठेवलेले खोके जेवढे बोलतात तेवढे आपल्याला बोलता येत नाही.

बोलणे झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळी लिहून पाठवाव्यात: आज आपली अमुक विषयावर चर्चा झाली, मी हे आकडे दाखविले, आपण असे सांगितले. भाषा नरम, तारीख स्पष्ट. साहेब उत्तर देतील किंवा देणार नाहीत. पंधरा-वीस दिवसांत काहीच झाले नाही तर त्याच कागदाची प्रत जोडून वरच्या साहेबांना लिहावे, आणि तसे लिहीत आहोत हे थेट वरिष्ठालाही कळवावे. राजीनाम्याची धमकी मात्र तोंडातून काढू नये. ज्याच्या खिशात दुसऱ्या नोकरीचे पत्र नाही त्याने ती काढली तर कंपनी ‘मंजूर’ म्हणते.

आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. बाजाराची खबर ही एक गोष्ट आणि स्वतःचा हक्क ही दुसरी. प्रवासभत्त्याची बिले तीन महिने अडकली आहेत, रजा नाकारली जाते, नेमणुकीचे पत्र मिळालेले नाही, या हक्काच्या बाबी आहेत. त्या टार्गेटच्या कागदात मिसळल्या की व्यवस्थापन म्हणते, “याला पैसे हवे आहेत म्हणून हा बाजार खराब असल्याचे सांगतो.” दोन विषय, दोन कागद.

मोठी कसोटी आणखी एका ठिकाणी लागते. साहेब तोंडी सांगतात, “अमक्या डॉक्टरांना काहीतरी द्या, त्याशिवाय ते लिहिणार नाहीत.” येथे मुलाने घाबरण्याचे कारण नाही, कारण कायदा आता त्याच्या बाजूला झुकलेला आहे. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटवस्तू व प्रवास स्वीकारू नयेत असा नियम मेडिकल कौन्सिलने 2009 मध्येच केला. 22 फेब्रुवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲपेक्स लॅबोरेटरीजच्या खटल्यात सांगितले की, अशा भेटींचा खर्च कंपनीला आयकरात वजा मागता येणार नाही. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांच्या विक्री व्यवहारासाठी नवी आचारसंहिता काढली. तिच्यात भेटवस्तू आणि सहली यांना मनाई आहे, डॉक्टरांच्या भेटीसाठी प्रतिनिधीने पैसे देऊ नयेत असे म्हटले आहे आणि प्रतिनिधीच्या वागण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे. मोफत सॅम्पललाही मर्यादा आहे: एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला बारापेक्षा जास्त पाकिटे नाहीत. तेव्हा प्रतिनिधीने एवढेच म्हणावे, “साहेब, आपण सांगता ते मला मेलवर द्या, मी करतो.” आम्हाला वाटते, असा मेल बहुधा कधीच येणार नाही. नकार न देता नकार देण्याची ही रीत जुनी आहे, मुनीम लोक ती चांगली जाणत.

आता कायद्याकडे वळू. हा विषय आमच्या वाचकांना रुक्ष वाटेल, परंतु एम.आर. मंडळींचा इतिहास वाचण्यासारखा आहे. साठच्या दशकातील मे अँड बेकर कंपनीच्या खटल्यात प्रश्न असा होता की, औषध कंपनीचा प्रतिनिधी 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ आहे काय? सर्वोच्च न्यायालय म्हणाले, नाही. त्याचे मुख्य काम माल खपविण्याचे, लिखापढी त्याला जोडून येणारी. निकालाचा अर्थ असा की, गिरणीतील बदली कामगाराला जी दाद मागता येत होती ती टाय लावलेल्या प्रतिनिधीला मागता येत नव्हती. प्रतिनिधींच्या संघटनेने काय केले? संसदेकडे अर्ज केला. राज्यसभेच्या याचिका समितीने 1972 मध्ये त्यावर अहवाल दिला, आणि 1976 साली विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा वेगळा कायदा झाला. नेमणुकीचे पत्र, रजा, बोनस, ग्रॅच्युइटी आणि विवाद कायद्याचे संरक्षण, हे सर्व एका अर्जातून निघाले. मात्र त्यात पगाराची मर्यादा होती, महिना 750 रुपये. ती 1987 मध्ये उठली. 1994 साली सँडोझ कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पुन्हा सांगितले की, मूळ व्याख्येप्रमाणे प्रतिनिधी हा ‘कामगार’ नव्हे, त्याला जे संरक्षण आहे ते 1976 च्या खास कायद्यातून आलेले आहे. म्हणजे तो अर्ज केला नसता तर हात रिकामेच राहिले असते.

21 नोव्हेंबर 2025 पासून हे जुने कायदे जाऊन नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत विक्री प्रतिनिधीचा समावेश ‘कामगार’ या व्याख्येतच केला आहे, तेव्हा जुना वाद संपला असे मानण्यास हरकत नाही. कामावर घालविलेल्या काळाच्या अकराव्या हिश्श्याइतकी पूर्ण पगारी रजा आणि वैद्यकीय दाखल्यावर अठराव्या हिश्श्याइतकी अर्ध्या पगाराची रजा हा जुना हिशेब कायम राहिला आहे. वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे. तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात. तक्रार कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत द्यावयाची असते. व्यवस्थापक म्हणून काम करणारा एरिया मॅनेजर मात्र या संरक्षणात बसत नाही. म्हणून बढतीचे पत्र हाती आले की मिठाई वाटण्यापूर्वी एवढे समजून घ्यावे. काही कंपन्या कामाला प्रतिनिधी ठेवून नावाला ‘एक्झिक्युटिव्ह’ करतात. नाव काहीही असो, प्रत्यक्ष काम काय आहे ते पाहिले जाते, हे मुलांनी विसरू नये.

बोलण्याची वाट बंद झाली की काय होते, याचा धडा परळ-लालबागला फार महाग पडला आहे. 1981 च्या दिवाळीत बोनसवरून गिरणी कामगार नाराज झाले. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मालकाशी बोलण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता, आणि त्या युनियनवर कामगारांचा भरवसा उरला नव्हता. म्हणजे ज्याच्यावर विश्वास होता त्याला बोलता येत नव्हते आणि ज्याला बोलता येत होते त्याच्यावर विश्वास नव्हता. कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. गिरण्यांचे कापड थांबले तसे भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांकडे काम वळले, हे आमच्या बाजाराने पाहिले. आपल्या पुष्कळ बांधवांची रोजी त्यातून उभी राहिली हे खरे, पण लालबागच्या ज्या घरांतील चूल विझली त्यांच्याविषयी बोलताना आम्हाला आजही जीभ जड होते. गिरण्यांच्या अंताला दुसरी कारणेही होती, जुनी यंत्रे होती, जमिनीच्या किमती होत्या. तरीपण तक्रार आत ऐकली गेली असती तर गोष्ट रस्त्यावर कितपत आली असती, याचा विचार मालकवर्गाने कधी नीट केला नाही.

आणि मालकवर्ग म्हणजे फक्त मोठ्या कंपन्या काय? हे पान वाचणाऱ्यांत दहा-पंधरा माणसे ठेवणारे कारखानदार आहेत, घाऊक व्यापारी आहेत, बाहेरगावी सेल्समन पाठविणारे आहेत. आमच्या बाजारातही सेल्समन सोलापूर-नांदेडची फेरी करून येतो आणि शेठजी पहिला प्रश्न करतात, “ऑर्डर किती आणली?” त्याला उत्तर काय द्यावे लागते हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो कच्च्या पार्टीचीही ऑर्डर लिहून आणतो. सहा महिन्यांनी उधारी बुडते, आणि मग त्याच्याच नावाने ओरडा होतो. त्याला अगोदर विचारले असते की, “कोणाच्या दुकानात आपला माल पडून आहे? कोण पैसे लांबवतो?” तर त्याने सांगितले असते. वाईट खबर आणणाऱ्याचे कमिशन कापले जात नाही, हे त्याला एकदा दिसले पाहिजे. तोंडी आश्वासनावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि बसू नये.

काही व्यापाऱ्यांनी कमिशनची रीतच बदलली आहे. माल गेला त्या दिवशी अर्धे, आणि पार्टीचे पैसे जमा झाल्यावर अर्धे. त्यामुळे सेल्समन स्वतःच कच्ची ऑर्डर टाळतो. औषध कंपन्यांतही जेथे इन्सेंटिव्ह सेकंडरी विक्रीवर देतात तेथे महिनाअखेरीची ओढाताण कमी असते, असे ही मुले सांगतात. नव्या नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या एम.आर.ने पगाराचा आकडा विचारण्याआधी ही एक गोष्ट विचारून घ्यावी: टार्गेट कोणत्या विक्रीवर मोजता, आणि परत आलेला माल कोणाच्या खात्यावर टाकता?

कागदपत्रांबद्दल राहिले ते सांगतो. नेमणुकीचे पत्र, टार्गेटची पत्रे, दर महिन्याचे स्टॉकिस्टचे स्टेटमेंट, खर्चाच्या बिलांच्या प्रती आणि साहेबांना पाठविलेल्या मेलची छापील प्रत, एवढे घरी एका फाइलीत ठेवावे. कंपनीच्या मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर ठेवलेले नोकरी सुटल्याच्या दिवशी त्यांच्याबरोबरच जाते.